मुंग्यांची पंगत

१९७८ साल. मे महिना, ऐन दुपार, डोक्यावर पत्रे तापलेले, आणि पंखा बंद.

“आई, मुंग्यांना जेवायला का नाही बोलावलं?”

माझी निमू टेबलाखालून विचारत होती. सहा वर्षांची पोर. शाळेला सुट्टी लागली होती आणि घरी तिच्यावर नजर ठेवू शकेल असं कोणी नव्हतं, म्हणून मी तिला कामावर घेऊन यायची. टेबलाखाली गोणपाट अंथरून द्यायची, कोरे कागद आणि एक पेन्सिल द्यायची, आणि बजावायची, “कशाला हात लावायचा नाही.”

“कुठल्या मुंग्या गं?” मी मान वर न करता विचारलं. हातात ब्रश असताना मान वर करायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

“आपल्या. महाल बांधणाऱ्या. महाल झाला, राजाने पंगत घातली. ससा बसला, मोर बसला, अस्वल बसलं. आणि मुंग्या?”

शेजारच्या फिलोमिनाने ब्रश पाण्यात टाकला. “ऐकलंस का, प्रभा? पोरीने बरोब्बर विचारलं. मी चार महिने मुंग्या रंगवतेय, माझ्या नाही ध्यानात आलं!”

आम्ही तेव्हा प्रभादेवीला एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी कार्टूनचा सिनेमा करत होतो. ‘करत होतो’ म्हणजे रंगवत होतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. पडद्यावर मुंगीने एक पाऊल टाकायचं, तर त्या पावलाची कितीतरी चित्रं लागायची. तेलंग मास्तर ती कागदावर काढत. मग ती पारदर्शक पानांवर शाईने गिरवली जायची. त्या पानांना आम्ही सेल म्हणायचो. सेल उलटा करायचा आणि मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढून ब्रशचा फराटा दिसत नाही. हातात सुती मोजे, कारण घामाचा ठसा उमटला की सेल वाया. पंखा लावायचा नाही, कारण रंग भरून होण्याआधीच सुकतो आणि वर धूळ बसते. आम्ही सहाजणी होतो. खांद्यावर पंचा टाकून, नाकावरचा घाम सेलवर पडण्याआधी टिपत बसायचो.

सिनेमाची गोष्ट अशी. हत्तीराजाचा महाल वादळात पडतो. जंगलातले सगळे प्राणी हळहळतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. मुंग्या मात्र रांगेने येतात, डोक्यावर विटा घेतात आणि गाणं म्हणत महाल उभा करतात. ‘उचल गं बाई, चाल गं बाई, थांबायाला वेळच नाही.’ त्या थकत नाहीत, पडत नाहीत, भांडत नाहीत. कोणी मागत काही नाही. शेवटी राजा प्रसन्न होतो, सगळ्या जंगलाला पंगत घालतो, आणि मुंग्या आपल्या वारुळाच्या दारातून हात हलवतात. समाप्त.

ते गाणं निमूच्या तोंडात बसलं होतं. घरी भांडी विसळताना म्हणायची, मला पाण्याची कळशी धरू लागायची तेव्हा म्हणायची. एकदा तिने मला विचारलं होतं, “आई, तू पण एवढं काम करतेस. राजाने तुला अजून नाही बोलावलं?”

“बोलावेल,” मी म्हटलं होतं.

आणि ते मी नुसतं पोरीची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. आमचे मालक रणदिवे साहेब यांनी शब्द दिला होता, की सिनेमा पुरा झाला की सहापैकी दोघींना कायम करायचं. आम्हाला सेलमागे मजुरी मिळायची. आजारी पडलं की चूल थंड. माझे यजमान छापखान्यात खिळे जुळवायचे. बारीक टाइप बघून बघून त्यांचे डोळे गेले होते, अगदी काळोख नव्हे, पण छापखान्याच्या कामाचे उरले नव्हते. ते घरी बसून रेडिओ ऐकायचे आणि मी दार उघडलं की विचारायचे, “काही बोलले का साहेब?” कायम होणं म्हणजे आमच्या घराला काय होतं, हे यावरून कळावं.

कोण दोघी, असं विचारल्यावर साहेब म्हणाले होते, “ते काम ठरवेल, प्रभाबाई. मागायची गरज पडत नाही. वरच्याला सगळं दिसत असतं.”

तर निमूचा प्रश्न. फिलोमिना गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. वसईची परेरा, जिभेला हाड नाही. तिने तिथूनच हाक मारली, “मास्तर, अहो मास्तर! इकडे या. तुमच्या सिनेमात खोट निघाली.”

तेलंग मास्तर आले. बारीक शरीर, जाड चष्मा, कानावर पेन्सिल. माणूस हुशार आणि वागायला मऊ, पण मेणासारखा मऊ. ऊन लागलं की वाकणारा.

निमूने टेबलाखालून बाहेर येऊन प्रश्न पुन्हा विचारला. मास्तर हसले.

“हे बघ बाळ, मुंगीला पाय किती?”

“सहा.”

“आणि मिशा दोन. ती पंगतीला बसवायची म्हणजे तिचा हात पानाकडे जाणार, तोंडाकडे येणार, तोंड हलणार. एक ससा जेवायला बसवायला जेवढी चित्रं, तेवढीच एका मुंगीला. ससा एक आहे. मुंग्या किती आहेत?”

“पुष्कळ.”

“झालं तर. परवडत नाही.”

फिलोमिना म्हणाली, “म्हणजे महाल बांधायला पुष्कळ होत्या ते चाललं, आणि जेवायला पुष्कळ झाल्या होय?”

“बांधताना सगळ्या सारख्याच चालतात गं. एक चाल काढली की तीच फिरवून फिरवून वापरता येते. जेवण तसं नाही. आणि हे मी ठरवत नाही. साहेब ठरवतात.”

ताराबाई शिर्सेकर आमच्यात सगळ्यांत मोठ्या. पन्नाशी उलटलेल्या, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. त्या कधी कोणाच्या मध्ये पडायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी मोजे काढून टेबलावर ठेवले.

“माझ्या सासरी तीन पंगती उठायच्या,” त्या म्हणाल्या. “पहिली पुरुषांची, दुसरी मुलांची, तिसरी आम्हा सुनांची. तिसऱ्या पंगतीला आमटी नसायची हो, आमटीचा वास असायचा. आता निदान चित्रातल्या मुंग्यांना तरी पोटभर घालू या की. आपण रविवारी येऊ. मजुरी नको.”

बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. रविवार म्हणजे धुणं, निवडणं, नवऱ्याची आई. पण एकीनेही नाही म्हटलं नाही. आज मला याचंच नवल वाटतं. स्वतःसाठी आम्ही कधी तोंड उघडलं नव्हतं, पंखा मागितला नव्हता. आणि मुंग्यांना जेवू घालायला सहाच्या सहाजणी फुकट तयार!

साहेबांकडे मला पाठवलं. रणदिवे साहेबांची खोली वेगळी, त्यांच्याकडे पंखा चालू. गोरेपान, पांढरा सफारी, बोलणं मधाळ.

“फुकट?” त्यांनी दोनदा विचारलं.

“हो साहेब. तेवढी पंगत पुरी झाली पाहिजे. मुलं विचारतील, साहेब. माझ्या मुलीने विचारलं.”

“वा!” साहेब उठून उभे राहिले. “प्रभाबाई, याला म्हणतात आपलेपणा. मी तेलंगांना सांगतो. मुंग्या पंगतीत आल्याच पाहिजेत. आणि हे मी विसरणार नाही हं.”

हे मी विसरणार नाही! मी घरी जाताना नारळ घेतला. रात्री खोबऱ्याची चटणी केली. यजमानांना सांगितलं, निमूला सांगितलं, “राजाने मुंग्यांना बोलावलं.”

“आणि तुला?”

“मलाही बोलावेल बघ आता.”

पुढचे तीन रविवार आम्ही गोदामात काढले. मास्तरांनी सेल वाटून दिले. आता, आमच्या कामात एक गोष्ट अशी की पूर्ण चित्र कोणालाच दिसत नसे. मागचं दृश्य एका कागदावर, ससा-मोर दुसऱ्या सेलवर, मुंग्या तिसऱ्यावर, आणि कोणाच्या हातात काही असेल तर ते चौथ्यावर. हे सगळे एकावर एक ठेवून फोटो काढायचा, तेव्हा कुठे चित्र होणार. आमच्यासमोर आल्या त्या नुसत्या मुंग्या. चालणाऱ्या, मधेच वाकणाऱ्या, दोन्ही हात पुढे धरलेल्या.

“मास्तर, या बसलेल्या कुठे आहेत?” मी विचारलं.

“आधी चालत येतील की नाही पंगतीला?”

“आणि हात असे का?”

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. “आदराने येतायत,” ते म्हणाले. “राजासमोर.”

“आणि बसलेली चित्रं?”

“ती... बघू. वरचा थर मी घरी रंगवतोय. तुम्ही एवढं करा.”

आम्ही एवढं केलं. ताराबाईंनी रांगेतल्या पहिल्या मुंगीला कपाळावर एक लाल ठिपका दिला. त्या मुंगीच्या प्रत्येक सेलवर दिला, अगदी न चुकता त्याच जागी. “ही सवाष्ण,” त्या म्हणाल्या, “हिला पहिलं पान.” फिलोमिना म्हणाली, “मग हिच्यामागची माझी. माझीला मटण वाढा.” हसून हसून आमची पुरेवाट झाली. निमू प्रत्येक सुकलेल्या सेलवर वाकून बघायची आणि विचारायची, “ही कोणाच्या शेजारी बसणार?” मी सांगायची, “अस्वलाच्या. ही मोराच्या.” तिने स्वतःच्या कागदावर एक लांबच लांब पंगत काढली. एक ससा, एक मुंगी. एक मोर, एक मुंगी.

जूनच्या अखेरीस सिनेमा पुरा झाला. वरळीच्या एका छोट्या थिएटरात खास खेळ ठेवला. शाळांचे मुख्याध्यापक, सरकारी समितीचे दोघेतिघे, एक वर्तमानपत्रवाले असे पाहुणे. हा सिनेमा शाळाशाळांतून दाखवायचा, म्हणून त्यांची पसंती हवी होती. आम्हालाही निमंत्रण होतं. छापील कार्ड, ‘सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.’ ते कार्ड मी यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मला काय दिसणार? तुम्ही दोघी जा. आज ते नावं सांगतील बघ.”

निमूला मी नवा फ्रॉक शिवला होता. पिवळा, खिशावर कशिद्याची मुंगी.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. दिवे गेले. गाणं सुरू झालं, आणि मी खरं सांगते, माझे डोळे भरून आले. तापलेल्या पत्र्याखाली एकेक करून रंगवलेल्या त्या मुंग्या चालत होत्या! मिशा हलवत होत्या! पुढच्या रांगेतले लोक हसत होते, मान डोलावत होते. महाल झाला. राजाने सोंड वर केली. पंगतीची पानं मांडली गेली. केळीची हिरवीगार पानं, प्रत्येकापुढे रांगोळी. ससा बसला, मोर बसला, अस्वलाने पोटावरून हात फिरवला. निमूने माझा हात घट्ट धरला. “आता,” ती म्हणाली.

मुंग्या आल्या.

पुढच्या मुंगीच्या कपाळावर लाल ठिपका होता. तिच्या दोन्ही हातांत भाताचं ताट होतं. तिच्यामागच्या मुंगीच्या हातात लाडवांची परात. तिच्यामागे आमटी, तिच्यामागे भजी. जी चाल विटा वाहताना, तीच. गाणंही तेच. ‘उचल गं बाई, चाल गं बाई.’ ठिपक्याची मुंगी अस्वलासमोर वाकली, भात वाढला, आणि हसली. अस्वल जेवायला लागलं. मुंग्यांचं वाढून झालं, त्या रांगेने बाहेर गेल्या, आणि वारुळाच्या दारातून हात हलवायला लागल्या.

समाप्त.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या रांगेत कोणी टाळी वाजवली नाही. ताराबाईंनी कपाळाला हात लावला होता, अगदी त्या कुंकवापाशी. फिलोमिना पुटपुटली, “हे काय गं? हे काय केलं यांनी?”

निमू मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. “आई, मुंग्या वाढतायत! फिलूमावशी, बघितलंस? बोलावलं त्यांना!”

“निमू,” मी म्हटलं. “पण त्या जेवल्या कुठे गं?”

पोरीने माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कसं कळत नाही हिला.

“सगळ्यांचं झाल्यावर जेवतील ना. तुझ्यासारख्या.”

मला कोणी भर चौकात मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. दीड महिन्यापूर्वी याच पोरीने विचारलं होतं, मुंग्यांना का नाही बोलावलं. तेव्हा तिला खुपलं होतं. आता खुपत नव्हतं. सुंदर रंगांत, सुरेल गाण्यात, हसऱ्या तोंडाने तिला उत्तर मिळालं होतं. आणि ते रंग आम्हीच भरले होते. रविवारी येऊन.

दिवे लागले. मास्तर आमच्या रांगेपाशी आले, पण जवळ नाही, दोन हात लांब उभे राहिले.

“मास्तर?” मी म्हटलं.

“साहेब म्हणाले, चालणाऱ्या मुंग्या आहेतच. डोक्यावरची वीट काढा, हात पुढे करा, ताट द्या. बसवायच्या तर सगळं नव्याने काढावं लागलं असतं.” ते खाली बघत होते. “मी बोललो होतो त्यांना.”

“त्यांना बोललात. आम्हाला नाही बोललात.”

“तुम्ही रंगवलं नसतं.”

“नसतंच रंगवलं!” फिलोमिना म्हणाली.

तेवढ्यात साहेब पुढे उभे राहिले. गळ्यात हार होता. त्यांनी सरकारचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, आणि मग हात आमच्याकडे केला.

“आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या आमच्या भगिनी. पंगतीचा प्रसंग यांनी स्वतः होऊन, सुट्टीच्या दिवशी येऊन, एक पैसा न घेता रंगवला. मी मागितलं नव्हतं. आपल्या मुलांना लहानपणीच हे दिसलं पाहिजे, की काम करणारा मागत नसतो. या भगिनी म्हणजे आपल्या सिनेमातल्या मुंग्याच!”

पुन्हा टाळ्या. माना वळल्या, आमच्याकडे बघून हसल्या. एक मुख्याध्यापक म्हणाले, “फार छान. फार छान संस्कार.”

मी वाट बघत होते. हो, अजूनही. इतकं होऊनही मनाचा एक कोपरा वाट बघत होता, की आता नावं सांगतील.

साहेब म्हणाले, “आता थोडा अल्पोपाहार आहे. बसून घ्या सगळे.” मग आमच्याकडे वळून, हळू आवाजात, अगदी घरच्यासारखं, “चला बायकांनो, जरा डिश फिरवा बघू. पोऱ्या आलेला नाही आज. आपल्या घरचंच कार्य.”

बाजूच्या टेबलावर बशा मांडून ठेवल्या होत्या. बटाटेवडे, खोबऱ्याच्या वड्या, चिवडा. आणि काय सांगू, आम्ही उठलो. हाडात मुरलेलं असतं ते. ताराबाईंनी पदर खोचला आणि बशांचा ट्रे उचलला. बाकीच्या त्यांच्यामागे. मीही दोन पावलं टाकली.

तेवढ्यात समोर निमू दिसली. तिने टेबलावरून एक बशी घेतली होती. दोन्ही हात पुढे धरले होते, बशी आडवी, मान जराशी वाकडी, ओठांवर हसू. ती मुंगीची चाल चालत होती, पावलागणिक डोकं हलवत. ‘उचल गं बाई, चाल गं बाई.’ पिवळा फ्रॉक, खिशावर मुंगी. समितीतले एक गृहस्थ पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. त्यांच्यासमोर ती वाकली.

“अगं बाई, किती गोड!” कोणीतरी म्हणालं. “बघा बघा, सिनेमा किती पोचलाय तो!”

त्या गृहस्थांनी हात पुढे केला, आणि मी मधे गेले. निमूच्या हातातली बशी घेतली. तिला बखोटीला धरलं आणि पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं. लाल मखमलीची खुर्ची. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. बशी तिच्या मांडीवर ठेवली.

“खा.”

“आई, पण त्यांना...”

“आधी तू खा.”

मग मी टेबलाकडे गेले, माझ्यासाठी एक बशी घेतली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. वड्याचा घास घेतला. तिखट होता.

थिएटरात असं शांत झालं, की माझ्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता. साहेब वाकून कानाशी लागले. “प्रभाबाई, पाहुणे आहेत.”

“आम्हीही आहोत, साहेब,” मी मोठ्याने म्हटलं. “कार्ड तुम्हीच पाठवलंत. सहकुटुंब, अगत्य.”

“हा तमाशा कशाला?”

“तमाशा कसला? पंगत आहे. तीन रविवार आम्ही या पंगतीसाठी घातले. मुंग्यांना बसवायला मागितलं होतं तुमच्याकडे, वाढायला नाही. तुम्हाला मुंगी बसलेली काढायला परवडली नाही. मी फुकट बसतेय. बघून घ्या कशी दिसते ती.”

मागे खुर्ची करकरली. फिलोमिना बशी घेऊन बसली होती. “वडा गार झालाय,” ती म्हणाली, “पण चालेल.” तिच्यामागे बाकीच्या तिघी. ताराबाई ट्रे हातात घेऊन मधोमध उभ्या होत्या. पन्नास वर्षांची सवय. त्यांनी ट्रे कोणाला द्यावा म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि समोर साहेबच होते. त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला.

“धरा हो जरा,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

आता साहेब काय करणार? पाहुणे ताटकळलेले. वर्तमानपत्रवाले बघतायत. ट्रे खाली ठेवावा तर शोभा, फिरवावा तर शोभा. शेवटी त्यांनी ट्रे दोन्ही हातांत पुढे धरला, चेहऱ्यावर हसू आणलं, आणि रांगेतून जायला लागले. घ्या, घ्या ना.

निमूचा घास तोंडाशी थांबला. सगळ्या थिएटराला ऐकू जाईल असं ती म्हणाली, “आई, साहेब मुंगीसारखे चालतात!”

पहिलं हसू मुख्याध्यापकांच्या रांगेतून फुटलं. मग कोणाला आवरेना. साहेबांच्या गळ्यातला हार ट्रेमधल्या चिवड्यावर लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी सहाहीजणींचा हिशेब मिटला.

घरी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, “ताराबाईंनी ट्रे त्यांच्या हातात दिला? खरंच?” मी हो म्हटलं. तर म्हणाले, “पुन्हा सांग.”

सिनेमा मात्र शाळाशाळांतून दाखवला गेला. कित्येक वर्षं. पाहुण्यांना पसंत पडला होता, त्यात काही फरक पडला नाही. पुढे माझ्या शेजारणीची मुलं शाळेतून ते गाणं शिकून आली आणि जिन्यात म्हणायला लागली, तेव्हा मी दार लावून घेतलं.

रणदिवे साहेबांनी आणखी दोन सिनेमे काढले. मग पुण्याला मोठा बंगला बांधला. म्हातारपणी त्यांना मुलांच्या करमणुकीबद्दल कसलासा पुरस्कार मिळाला, त्याचा फोटो छापून आला होता. गळ्यात हार. तेलंग मास्तरांनी ते काम दोनच वर्षांत सोडलं आणि बालवाडीची पुस्तकं चितारू लागले. वारले, तेव्हा त्यांची मुलगी मला एक चित्र देऊन गेली. पेन्सिलीने काढलेली एक मुंगी, मांडी घालून पानावर बसलेली, तोंडात घास. एकच. तितकंच जमलं असेल त्यांना. मी ते भिंतीवर लावलं नाही. टाकलंही नाही.

ताराबाई शेवटपर्यंत सुनेला म्हणायच्या, “तू बस, मी वाढते,” आणि सून बसत नसे, असं दोघी भांडत उभ्या राहायच्या. फिलोमिना वसईला परत गेली. तिने घरीच केक करायला घेतले आणि तीन बायका कामाला ठेवल्या. मी गेले की मला आवर्जून दाखवायची, डोक्यावर तीन पंखे. मी एका साडीवाल्याकडे कापडावर नक्षी रंगवायला लागले आणि तिथेच म्हातारी झाले. यजमान जाईपर्यंत रेडिओ ऐकत होते. कायम शेवटी मी कुठेच झाले नाही.

आणि निमू. तिला आता पन्नाशी उलटून गेली. एका कंपनीत तीस वर्षं आहे. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं तिच्या डोक्यावर साहेब होऊन बसली. सगळे गेल्यावर ती निघते. मी म्हणते, “अगं, बोल की तोंडाने.” तर म्हणते, “मागावं लागत नाही गं आई, त्यांना दिसत असतं सगळं.”

मी तिला एकदा विचारलं होतं, वरळीचं ते थिएटर आठवतं का? तिचा चेहरा उजळला. “आठवतं तर! मुंग्या किती छान वाढत होत्या, आई. आणि ते गाणं!” तिने ते गुणगुणून दाखवलं. एक शब्द चुकली नाही. मी तिला लाल खुर्ची विचारली. खुर्ची तिला आठवत नव्हती.

आजही रविवारी आम्ही जेवायला बसतो. जावई, नातू, मी. निमू हातात डाव घेऊन उभी.

“निमू, बस.”

“तुमचं होऊ दे गं. मला काय घाई आहे?”

मी जेवत नाही. हात मांडीवर ठेवून बसते. भात निवतो, आमटीवर पापुद्रा धरतो, नातू म्हणतो, “आजी, आज पण?” जावई मोबाईलमध्ये बघतो. माझं वय शहाऐंशी आहे आणि मला कुठेही जायचं नाही. शेवटी ती वैतागून खुर्ची ओढते, डाव पातेल्यात टाकते आणि बसते.

मग मी पहिला घास घेते.